कल्याणचा बिशप आणि आपली सोयीची स्मरणशक्ती

कर्जत आणि खालापूर या तालुक्यांचा प्राचीन इतिहास सांगण्याची एक ठरीव रीत आता पडून गेली आहे. व्याख्यानमाला असो, महाविद्यालयाचा वार्षिकांक असो की गावाची माहिती देणारी पुस्तिका असो, क्रम सहसा बदलत नाही. आधी कोंडाण्याची लेणी येतात, मग बोरघाट, मग उल्हास नदीच्या खाडीवरचे कल्याण बंदर आणि शेवटी रोम. हिंदुस्थान दरसाल आपले पाच कोटी सेस्टर्स ओढून नेतो, ही प्लिनीची तक्रार अभिमानाने सांगितली जाते, टाळ्या पडतात आणि प्राचीन काळ तेथेच संपतो. त्यानंतर वक्ता जी उडी मारतो तो थेट १६६१ सालच्या उंबरखिंडीत उतरतो. मधली दीड हजार वर्षे या प्रदेशात जणू माणसे राहतच नव्हती.

आमची तक्रार या उडीबद्दल आहे. कल्याणविषयी परकीय ग्रंथांतून आलेला एक महत्त्वाचा पुरावा या उडीत दरवेळी गळतो, आणि तो केवळ अनवधानाने गळतो असे आम्हांस वाटत नाही. पुरावा असा की इसवी सनाच्या सहाव्या शतकात कल्याणला एक ख्रिस्ती बिशप होता आणि त्याची नेमणूक इराणातून होत असे. रोमचे सोने आपण आनंदाने घेतो. इराणातून आलेला बिशप मात्र आपल्याला अडचणीचा वाटतो. साहित्याच्या अभ्यासकांनी या निवडीकडे बारकाईने पाहिले पाहिजे, कारण हा मुळात वाचनाचा प्रश्न आहे.

प्रथम दोन्ही साक्षी जशा आहेत तशा समोर ठेवू. पहिली साक्ष 'पेरिप्लस' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, पहिल्या शतकातील ग्रीक व्यापारी मार्गदर्शिकेची. तिच्या अज्ञात लेखकाने कल्याणला 'कॅलिएना' म्हटले आहे. थोरल्या सारगनसच्या काळात हे रीतसर व्यापाराचे बंदर होते. पुढे ते सँडनेसच्या ताब्यात गेल्यावर तेथील व्यापार फार अडवला गेला, आणि चुकून तेथे शिरलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जात, असे तो सांगतो. म्हणजे ज्या ग्रंथाच्या आधारे आपण कल्याणला रोमन वैभवाचे महाद्वार ठरवतो, त्या ग्रंथात कल्याण येते ते दार बंद झाल्याची बातमी म्हणून! आमच्या वक्त्यांनी हा उतारा मुळातून वाचला असता तर टाळ्यांच्या आधी थोडे थांबावे लागले असते.

दुसरी साक्ष कॉस्मास इंडिकोप्लेउस्टिसची. हा अलेक्झांड्रियाचा व्यापारी. पुढे त्याने संन्यास घेतला असे परंपरा सांगते. सम्राट जस्टिनियनच्या कारकिर्दीत, साधारण ५५० च्या सुमारास, त्याने 'ख्रिस्ती भूवर्णन' हा ग्रंथ ग्रीक भाषेत लिहिला. पश्चिमेकडचे रोमन साम्राज्य तोवर कोसळले होते. उरले होते ते कॉन्स्टँटिनोपलचे, ज्याला आपण बायझंटाइन म्हणतो. या ग्रंथातील कल्याणचे दोन उल्लेख येथे महत्त्वाचे आहेत. एकदा बंदरांच्या यादीत: सिंधू, ऑर्‍होथा म्हणजे सौराष्ट्र, कॅलिआना, सिबोर आणि मग मिऱ्यांच्या मलबारची पाच बंदरे. कॅलिआनातून तांबे, 'सेसम' लाकूड आणि कापड बाहेर जाते, असे तो नोंदवतो. दुसऱ्यांदा ते येते ख्रिस्ती धर्म कोठवर पोचला आहे हे सांगताना. सिंहलद्वीपात ख्रिस्ती मंडळी आहे, मिरी पिकते त्या मलबारातही आहे, आणि कॅलिआना नावाच्या ठिकाणी तर बिशप आहे, ज्याला इराणातून दीक्षा मिळते. आशय इतकाच आहे. एक वाक्य, तेही ओघात आलेले.

या वाक्यावर आक्षेप घेता येतात आणि ते घेतले गेले आहेत. पहिला आक्षेप ओळखीचा: कॅलिआना म्हणजे कोकणातले कल्याण कशावरून? उडुपीजवळचे कल्याणपूर का नव्हे? बिशपचा उल्लेख मलबारला लागून येतो, म्हणून काहींना दक्षिणेकडचे गाव अधिक पटते. परंतु बंदरांची यादी देताना कॉस्मास किनाऱ्याने उत्तरेकडून दक्षिणेकडे उतरत येतो. सौराष्ट्र आणि सिबोर यांच्या मध्ये कॅलिआना आहे, सिबोर म्हणजे चौल हे बहुतेक अभ्यासकांना मान्य आहे, आणि मलबार त्यानंतर येते. उडुपीचे कल्याणपूर या क्रमात बसवायचे तर ते उचलून चौलच्या उत्तरेला आणून ठेवावे लागेल. एकाच ग्रंथात एकच नाव दोन निरनिराळ्या गावांना वापरले आहे असे मानण्याचे कारण कोणी दाखवलेले नाही. तेव्हा ओळख शंभर टक्के सिद्ध झाली नसली, तरी पारडे कोकणातल्या कल्याणकडे झुकते, हे म्हणणे न्याय्य आहे.

दुसरा आक्षेप लेखकावरचा. पृथ्वी चपटी असून तिचा आकार छत असलेल्या पेटीसारखा आहे, हे सिद्ध करण्यासाठीच या गृहस्थाने ग्रंथ लिहिला. त्याच्यावर विश्वास कसा ठेवायचा? तो हिंदुस्थानात स्वतः आला होता की नाही, याबद्दलही मतभेद आहेत. हा आक्षेप ऐकायला जोरकस वाटतो, पण साक्षीदाराची पारख त्याच्या प्रत्येक मताने होत नसते. साक्षीचा विषय त्याला माहीत असण्याची शक्यता किती, यावर ती होते. कॉस्मास स्वतःच्या गुरूचे नाव पॅट्रिकिओस असे देतो. हा पॅट्रिकिओस म्हणजे मार अबा, जो ५४० मध्ये इराणातील पूर्वेच्या चर्चचा कॅथोलिकोस, म्हणजे सर्वोच्च धर्मगुरू झाला. ज्या चर्चकडून हिंदी महासागराच्या किनाऱ्यांवर बिशप धाडले जात होते, त्या चर्चचा प्रमुखच कॉस्मासचा शिक्षक होता. पृथ्वीच्या आकाराबद्दल त्याला काही कळत नसेल; पण कोणत्या गावी आपला बिशप आहे हे कळण्याची सोय त्याच्याइतकी फार थोड्यांना असेल. सिंहलद्वीपाच्या राजासमोर रोमन सोन्याचे नाणे इराणी चांदीच्या नाण्याला कसे भारी ठरले, ही गोष्टही याच कॉस्मासची. ती सांगताना मात्र पृथ्वी चपटी असल्याची आठवण कोणाला होत नाही.

आता दुसऱ्या बाजूचाही समाचार घेणे भाग आहे. या वाक्याकडे पाठ फिरवणारे जसे आहेत तसे ते फुगवणारेही आहेत. चौथ्या शतकातील युसेबिअस सांगतो की पँटिनस नावाचा अलेक्झांड्रियाचा आचार्य 'इंडिया'त गेला तेव्हा त्याला तेथे बार्थोलोम्यू या प्रेषिताने ठेवलेले मत्तयाचे शुभवर्तमान मिळाले. या 'इंडिया'चा अर्थ काही ख्रिस्ती इतिहासलेखकांनी थेट कल्याण असा लावला आणि प्रेषिताला उल्हासच्या खाडीत उतरवले. युसेबिअसच्या मजकुरात कल्याण नाही. त्या काळी 'इंडिया' हे नाव अरबस्तानाच्या दक्षिण टोकापासून इथिओपियापर्यंत कोठेही लावले जाई. पहिल्या शतकातला प्रेषित आणि सहाव्या शतकातला बिशप यांच्यामध्ये दोरी बांधून तिला परंपरा म्हणणे हे इतिहासाचे काम नव्हे. १९८८ मध्ये सिरो-मलबार चर्चने कल्याणला आपला धर्मप्रांत स्थापन केला, तो मुंबई आणि भोवतालच्या प्रदेशात आलेल्या केरळी कुटुंबांसाठी. त्याला जुन्या नावाचा अभिमान वाटणे स्वाभाविक आहे, पण तेवढ्याने चौदा शतकांचा खंड भरून निघत नाही. वाक्य जेवढे सांगते तेवढेच घ्यावे. ते बिशपबद्दल सांगते. किती देवळे होती, किती कुटुंबे होती, स्थानिकांनी धर्म घेतला होता की इराणी व्यापाऱ्यांचीच ती वसाहत होती, याबद्दल ते मूक आहे.

मग एवढ्याशा वाक्यासाठी भांडायचे कशाला? 'एका वाक्यावर इतिहास उभा राहतो काय' हा प्रश्न आम्हांला नेहमी विचारला जातो. विचारणाऱ्यांना आम्ही कोंडाण्याला घेऊन जाऊ इच्छितो. तेथील चैत्यगृहाच्या डाव्या बाजूला एका भग्न मूर्तीच्या मस्तकाशेजारी ब्राह्मी लिपीत एकच ओळ कोरलेली आहे: कण्हाचा शिष्य बलक याने हे केले. बलकाची दुसरी साक्ष कोठेही नाही. त्याचे गाव, त्याचा काळ, त्याने नेमके काय केले, मूर्ती की सगळे दर्शनी काम, यावर त्या ओळीपलीकडे पुरावा नाही. तरी कर्जत तालुक्यातला पहिला नामवंत शिल्पकार म्हणून बलकाचे नाव आपण घेतो आणि योग्यच करतो. बलकाला एक ओळ पुरते आणि बिशपला एक वाक्य पुरत नाही, असे का? बलक आपला आणि बिशप परका, हे उत्तर मनात आधीच तयार असते म्हणून. पुराव्याच्या कसोट्या माणूस पाहून बदलायच्या असतील तर त्यांना कसोट्या म्हणू नये.

हे आधीच तयार असलेले उत्तर मराठी साहित्याच्या इतिहासात नीट रुजवलेले आहे. आमच्या पदवी आणि पदव्युत्तर वर्गांत 'ख्रिस्ती मराठी साहित्य' हा घटक सुरू होतो तो १६१६ साली छापल्या गेलेल्या फादर स्टीफन्स यांच्या 'क्रिस्तपुराणा'पासून. पुढे बाबा पदमनजींचे 'यमुनापर्यटन', मग रेव्हरंड टिळक आणि लक्ष्मीबाई. ग्रंथांचा इतिहास ग्रंथांपासून सुरू व्हावा याला आमची हरकत नाही. सहाव्या शतकातला मराठी ख्रिस्ती ग्रंथ नाही आणि तो असल्याचा दावा करणे वेडेपणाचे ठरेल. हरकत आहे ती या घटकाच्या प्रस्तावनेला. तेथे जवळजवळ नेहमी असे गृहीत धरलेले असते की ख्रिस्ती धर्म या किनाऱ्यावर पोर्तुगीज तोफांबरोबर उतरला. विद्यार्थी हे पाठ करतो, आणि परीक्षेनंतर बाकी सारे विसरला तरी एवढे लक्षात ठेवतो. स्टीफन्सच्या आधी एक हजारांहून अधिक वर्षे, तोफा नसताना, कोणत्याही राजाचे बळ पाठीशी नसताना, गलबतांमागून एक ख्रिस्ती धर्मव्यवस्था या खाडीवर येऊन राहिली होती, हे त्याला कोणी सांगत नाही. गोव्याचे ओढून आणून केलेले धर्मांतर आणि इन्क्विझिशन हा इतिहास खराच आहे आणि तो कठोरपणे शिकवलाच पाहिजे. परंतु तो एका धर्माचा या भूमीवरचा पहिला दिवस म्हणून शिकवणे चूक आहे.

या चुकीची किंमत काय असते ते २०१९-२० मध्ये दिसले. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांची ९३व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी निवड झाली, तेव्हा त्यांच्या लेखनाची चर्चा बाजूला राहिली आणि धर्मगुरू मराठीच्या व्यासपीठावर कसा, हा प्रश्न विचारला गेला. संमेलन जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादला, म्हणजे आजच्या धाराशिवला भरले. तेथून जवळच तेर आहे. हे तेर म्हणजे 'पेरिप्लस'मधले तगर. रोमन व्यापाराचा विषय निघाला की ज्याचे नाव प्रत्येक मराठी वक्ता आदराने घेतो ते. ज्या मुलखातून परदेशी गलबतांसाठी माल घाट उतरत होता, त्याच मुलखात जन्मभर मराठीत लिहिलेल्या एका वसईकराला परका ठरवण्याचा प्रयत्न झाला. दिब्रिटो २०२४ मध्ये गेले. त्यांना विचारला गेलेला प्रश्न मात्र गेलेला नाही, कारण तो आमच्या अभ्यासक्रमाच्या प्रस्तावनांतून दरवर्षी नव्याने तयार होतो.

'परका' ही कल्पना भाषेतच कशी घडत जाते, हे पाहायचे तर 'यवन' हा शब्द पाहावा. घाटमाथ्यावरच्या कार्ल्याच्या चैत्यगृहात स्तंभांवर दात्यांची नावे आहेत. त्यांत धेनुकाकट गावचे यवन आहेत. जुन्नरच्या लेण्यांतही यवनांची दाने आहेत. तेथे यवन म्हणजे ग्रीक, किंवा त्या बाजूकडून आलेला परदेशी. आणि तो बौद्ध संघाला खांब देतो, पाण्याचे टाके देतो. त्याच्या नावापुढे 'यवन' हे विशेषण अगदी सहज, एखाद्याच्या नावापुढे गावाचे नाव यावे तसे कोरलेले आहे. हाच शब्द बखरींच्या मराठीत येईपर्यंत मुसलमान आणि शत्रू असा दुहेरी अर्थ घेऊन येतो. शब्दांचे अर्थ बदलतात, त्यात नवल नाही. नवल याचे की आमचे विद्यार्थी कार्ल्याचा लेख वाचताना बखरीतला अर्थ घेऊन जातात आणि 'शत्रूने लेण्याला दान का दिले' असे विचारतात. हा प्रश्न त्यांनी विचारला तर दोष आमचा, कारण बखर आम्ही शिकवली आणि स्तंभ शिकवला नाही.

हे सारे कर्जत-खालापूरच्या लोकांनी का उचलून धरावे, असेही विचारले जाईल. कल्याण ठाणे जिल्ह्यात, आपण रायगडात. येथेच खरी गोम आहे. १८८२ च्या सरकारी गॅझेटियरमध्ये कर्जत तालुका ठाणे जिल्ह्यातच आहे. पुढे तो कुलाब्यात गेला आणि १९८१ मध्ये कुलाब्याचे नाव रायगड झाले. जिल्ह्याचे नाव ज्या किल्ल्याचे, त्या किल्ल्याच्या इतिहासालाच जिल्ह्याचा इतिहास समजण्याची सवय मग आपोआप लागली. उल्हास नदी मात्र सरकारी आदेश वाचत नाही. ती राजमाचीच्या डोंगरात उगम पावते, कोंडाण्याखालून, कर्जतवरून, बदलापूरवरून कल्याणला जाते. कल्याणच्या मागचा मुलूख म्हणजे तिचे खोरे, आणि त्या खोऱ्याच्या शिरावर बोरघाट. घाट उतरलेल्या मालाला दोन वाटा होत्या: उल्हासच्या काठाने कल्याणकडे, किंवा खालापुरातून पाताळगंगेच्या काठाने धरमतरच्या खाडीकडे, जिच्या पलीकडे चौल. कॉस्मासच्या यादीतली कॅलिआना आणि सिबोर ही दोन शेजारची नावे म्हणजे आमच्या दोन तालुक्यांची समुद्रावरची दोन दारे आहेत.

कॉस्मासने नोंदवलेल्या मालाकडेही पाहावे. 'सेसम' लाकूड म्हणजे शिसव, असे मानले जाते. 'पेरिप्लस'मध्येही भडोचहून इराणी आखाताकडे साग, शिसव आणि आबनूस जात असल्याची नोंद आहे. वाळवंटी आखाताला इमारती लाकूड हवे होते आणि कोकणाला ते विकायचे होते. हे लाकूड खाडीच्या काठावर उगवत नाही. ते घाटाच्या पायथ्याच्या रानातून येते. कोंडाण्याच्या दर्शनी भागावरचे कोरीव काम पाहिले की वासे, कमानी, जाळ्या, कठडे सारे लाकूडकामाची दगडातली नक्कल आहे हे कोणाच्याही लक्षात येते. कार्ल्याला तर छताच्या मूळ लाकडी कमानी अजून जागेवर आहेत. कोंडाणे आणि कॉस्मास यांच्यात सहाशे वर्षांहून अधिक अंतर आहे आणि ते पुसून टाकावे असे आम्ही म्हणत नाही. परंतु लाकूड जाणणारे कारागीर आणि लाकूड देणारे रान हे या खोऱ्याचे दीर्घकाळचे भांडवल होते, हे अनुमान धाडसाचे नाही. कल्याणला इराणी वसाहत आणि तिच्यासाठी बिशप येण्यामागे जो व्यापार होता, त्यात या रानातल्या कुऱ्हाडीचा वाटा असणे अगदी संभवनीय आहे. त्या कुऱ्हाडीवाल्यांची नावे कोणत्याच खांबावर नाहीत. आज त्याच डोंगरांत ठाकर आणि कातकरी वाड्या आहेत, आणि प्राचीन वैभवाच्या व्याख्यानांत त्यांना जागा नसते. रोम एवढे मोठे केले की रान दिसेनासे होते.

बिशपपद टिकले का नाही, याचे उत्तर त्या वाक्यातच दडलेले आहे. ज्याची नेमणूक समुद्रापलीकडून होते त्याचे भवितव्य समुद्रापलीकडेच ठरते. सातव्या शतकाच्या मध्यात इराणचे सासानी राज्य अरबांनी जिंकले. त्याच सुमारास कॅथोलिकोस ईशोयाब तिसरा याने रेव-अर्दशीरच्या महाधर्मगुरूला खडसावणारी पत्रे लिहिली. त्याच्या बंडखोरीमुळे हिंदुस्थानला धर्माधिकारी मिळेनासे झाले आहेत, हा त्यातला एक आरोप. मलबारमध्ये स्थानिक समाज भक्कम होता, तो तगला. कोकणात धागा बारीक होत गेला, पण एकदम तुटला नाही. २००१ मध्ये गोव्यातील आगशी येथे जुवारी नदीच्या काठी पहलवी लेख असलेला क्रूस मिळाला. १३२१ मध्ये ठाण्यात चार फ्रान्सिस्कन साधू मारले गेले, तेव्हा ते उतरले होते एका नेस्टोरियन, म्हणजे त्याच पूर्वेच्या चर्चच्या कुटुंबाच्या घरी. कॉस्मासनंतर पावणेआठशे वर्षांनी, कल्याणपासून काही कोसांवर, पाहुण्याला ठेवून घेणारे एक ख्रिस्ती घर होते. पोर्तुगीज यायला अजून जवळजवळ दोनशे वर्षे होती.

मराठी वाचकाच्या मनात कल्याण म्हटले की एकच स्त्री उभी राहते, कल्याणच्या सुभेदाराची सून. त्या कथेची ऐतिहासिकता कशीही असो, तिने आपल्याला एक नीतिमूल्य दिले: शत्रूच्या घरातल्या माणसालाही सन्मान द्यावा. ही कथा वर्षानुवर्षे शिकवणाऱ्यांनी, शत्रूही नसलेल्या एका जुन्या शेजाऱ्याची नोंद करताना इतका कंजूषपणा करावा हे आम्हांस समजत नाही.

आमची मागणी मोठी नाही. 'ख्रिस्ती मराठी साहित्य' या घटकाच्या प्रस्तावनेत कॉस्मासचे एक वाक्य, त्याच्या ओळखीविषयीच्या वादासह, यावे. 'पेरिप्लस'चा कल्याणविषयक उतारा संपूर्ण वाचून दाखवावा, बंद झालेल्या दारासकट. कोंडाण्याची सहल काढणाऱ्या मराठी विभागांनी विद्यार्थ्यांना कार्ल्यापर्यंत न्यावे आणि यवन दात्यांची नावे त्यांच्याकडून मोठ्याने वाचून घ्यावीत. कर्जत आणि खालापूरच्या स्थानिक इतिहासावर प्रकल्प लिहिणाऱ्यांनी जिल्ह्याच्या हद्दीऐवजी नदीचा काठ धरावा. आणि ज्यांना बिशप नकोच आहे, त्यांनी प्लिनीचे पाच कोटीही सोडून द्यावेत. परक्या लेखकांची साक्ष घ्यायची तर ती सगळी घ्यावी लागते.